आपटे काकांची केबल आणि टाकीचं पाणी

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक वस्तूचं नाव क्वचितच सांगायचं. बोटांनी हवेत आकार काढायचं. "ताई, ते चपटं असतं बघा, दोन्हीकडे स्क्रू आणि मधे बारीक पिना," असं कुणी म्हटलं की मी नऊ पिनांचा कनेक्टर काढून द्यायचे. "काळं, झुरळासारखं, पायवालं" म्हणजे आयसी, चिप. किती पायांचं, हे मात्र विचारावं लागायचं. कारण झुरळाचे पाय कुणी मोजून येत नाही.

उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात मुरली शेठचं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टचं दुकान होतं. माझी जवळजवळ सगळी नोकरी तिथेच झाली. पुढे काउंटर आणि मागे, पडद्याआड, माझं सोल्डरिंगचं टेबल. मी आयटीआय केलेली. पण खरी सुरुवात त्याआधीची. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा अॅम्प्लिफायर ऐन वंदनेच्या वेळी बंद पडायचा, तो मी एकदा हट्टाने उघडला. आत एक तार नुसती टेकलेली होती, जोडलेली नव्हती. एवढ्याशा गोष्टीने एवढ्या लोकांचा आवाज जातो, याचं मला फार नवल वाटलं होतं. ते नवल पुढे कधी गेलं नाही. पगार वाढला नाही तरी मी त्या टेबलाला चिकटून राहिले, ते त्याच्यामुळेच असावं.

दोन हजार सालानंतर हळूहळू आमच्याकडे हौशी मंडळी यायला लागली. कॉलेजची मुलं असायचीच, पण रिटायर झालेले फॅक्टरीतले ऑफिसर, शाळेतले विज्ञानाचे सर, एक तर दातांचे डॉक्टर. ही सगळी माणसं मायक्रोकंट्रोलरचे छोटे बोर्ड घेऊन जायची. हातावर मावेल एवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक चिप. त्या चिपला आपण शिकवू ते ती करते. दिवा लाव, मोटर फिरव, ऊन किती आहे ते सांग. मात्र तिला शिकवायला आणि ती काय म्हणते ते ऐकायला कॉम्प्युटर लागतो. आणि कॉम्प्युटर आणि बोर्ड यांच्यामधे लागते केबल.

जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीला नऊ पिनांचं एक तोंड असायचं, सिरियल पोर्ट. सिरियल म्हणजे एकामागून एक. अक्षरं त्या तारेतून रांगेने जातात, घुसाघुशी नाही. मग लॅपटॉप आले आणि कंपन्यांनी ते तोंडच काढून टाकलं. चारी बाजूंनी फिरवून बघा, सगळीकडे यूएसबी. तेव्हा बाजारात एक आखूड केबल आली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला त्याच जुन्या नऊ पिना आणि मधल्या फुगीर भागात एक चिप, जी इकडची भाषा तिकडे करते. यूएसबी टू सिरियल. आमच्या बाजारात तिला सगळे "कन्व्हर्टर केबल" म्हणायचे. मुरली शेठ म्हणायचे, "संध्या, ये छोटी केबल बेचना आसान है, समझाना मुश्किल." ते शंभर टक्के खरं होतं. केबल न्यायला माणसाला दोन मिनिटं लागत आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आला की अख्खी दुपार जाई.

अशीच एका दुपारी आपटे काकांची तक्रार आली. तीच इथे सांगायची आहे, कारण ती केबलपाशी सुरू झाली आणि भलतीकडेच जाऊन पोहोचली.

आपटे काका अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीतून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगा परदेशात. ते माझं गिऱ्हाईक होते आणि शेजारीही. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या दिशेने तेव्हा नवीन बिल्डिंगी उठत होत्या. त्यातल्या एकीत माझा आणि माझ्या मिस्टरांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आणि काकांचा अगदी वरच्या, गच्चीखालच्या मजल्यावर. आमच्या कंपाउंडची मागची भिंत संपली की पालेगावची जुनी घरं सुरू व्हायची.

त्या दिवशी काका काउंटरवर आले तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेला बोर्ड होता. मी हुंगला. जळक्या चिपचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

"काका, केबल थेट बोर्डाला लावलीत?"

"मग कशाला लावायची? पिना तीन, तारा तीन. जोडल्या."

आतून मुरली शेठ ओरडले, "फिर गया क्या काका का बोर्ड?"

मी काकांना स्टुलावर बसवलं. ही गोष्ट मी त्या काउंटरवरून किती जणांना समजावली असेल. बोर्ड पाच व्होल्टवर जगतो. त्याच्या दृष्टीने पाच म्हणजे हो आणि शून्य म्हणजे नाही. पण त्या नऊ पिनांवर जुना रिवाज चालतो. तिथे दहाच्या आसपास व्होल्ट, तेही कधी अधिक तर कधी उणे आणि वर हो-नाहीचा अर्थ उलटा. दोघांच्या मधे व्होल्ट उतरवणारी एक सोळा पायांची चिप घालावी लागते. ती न घालता जोडलं की बोर्डाला धक्का सोसत नाही. शिवाय एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडायची. बोलणाऱ्याला बोलणारा जोडला तर दोघंही बोलत राहतात, ऐकत कुणीच नाही.

"आमच्या सोसायटीच्या मिटिंगसारखं," काका म्हणाले.

मिटिंगचं नाव निघालं आणि मग त्यांनी सांगितलं की हा खटाटोप कशासाठी आहे. आमच्या टाकीचं पाणी जात होतं.

ते मलाही माहीत होतं. कुणाला नव्हतं? रात्री पंप लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची आणि सकाळी नळ सोडला की थोड्या वेळात फुसफुस. पुन्हा पंप लावावा तर सकाळी नेमकी लाइट गेलेली. तेव्हा आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. म्हणजे ऐन डबे भरायच्या वेळी पाणी नाही, पंप नाही आणि जिन्यात भांडणं. रात्रीतून कुणीतरी पाणी काढतंय, यावर सगळ्यांचं एकमत झालेलं. आणि तो कुणीतरी म्हणजे काथोडमामा, यावरही.

काथोडमामा आमचे वॉचमन. पालेगावचेच, भिंतीला लागून त्यांचं घर. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती तिचा एक तुकडा कधीकाळी त्यांच्या भावकीचा होता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, दुसरेच बोलायचे. गच्चीची आणि पंपरूमची किल्ली त्यांच्याकडे असायची. बाजूला नवीन बांधकाम चाललेलं. तिथल्या मजूर बायका आमच्या कंपाउंडच्या नळावरून हंडे भरून नेताना कुणीतरी पाहिल्या. तेवढं पुरलं. मिटिंगमध्ये सेक्रेटरी सुर्वे साहेबांनी मामांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"किती पाणी विकता?" त्यांनी विचारलं होतं.

"विकत नाय सायेब. बायांना दोन-दोन हांडे दिले, ते दिले. लहान पोरं हायेत त्यांची. टाकीचा मना काय ठाव नाय. मी कुलूप लावताव नि खाली येताव."

"दोन हंड्यांनी टाकी रिकामी होत नाही," सुर्वे म्हणाले. मागून कुणीतरी सरळ "चोर" म्हटलं. मामांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि ते घरी गेले. सोसायटीने ठरवलं की सोक्षमोक्ष लागेपर्यंत त्यांनी येऊ नये. तो सोक्षमोक्ष लावायचं काम आपटे काकांनी अंगावर घेतलं होतं. टाकीत पाणी किती आहे ते बोर्ड सतत सांगत राहील, त्यामुळे पाणी कधी आणि किती झपाट्याने उतरतं ते कळेल आणि चोर हाताशी लागेल, अशी त्यांची योजना.

"म्हणजे मामांना पकडायला मशीन बनवताय?" मी विचारलं.

"पकडायला नाही गं. कळायला," काका म्हणाले. पण जरा अडखळून म्हणाले.

खरं सांगायचं तर मामांनी पाणी विकलं असेल असं मला वाटत नव्हतं, आणि नसेलच असंही मी छातीठोक म्हणू शकत नव्हते. मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. अख्खी टाकी न्यायची तर टँकर लागेल, नाहीतर लांबच लांब पाइप. तो कुणालाच कसा दिसला नाही? मग पाणी जातं कुठे? दुकानातून सुटल्यावर मी काकांकडे जायला लागले, ती या कुतूहलापोटी.

मापकाची कल्पना काकांची आणि झकास होती. बॉलकॉकचा प्लॅस्टिकचा गोळा, त्याला अॅल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीचं दुसरं टोक एका जुन्या रेडिओच्या आवाज कमी-जास्त करायच्या बटणाला. पाणी चढलं की गोळा चढतो, बटण फिरतं. टाकी रिकामी असली की बोर्ड शून्याच्या जवळपासचा आकडा पाठवणार, भरली की दोनशेच्या वरचा. रेडिओचा आवाज वाढवावा तसं पाणी आकडा वाढवणार. मी नवीन बोर्डावर व्होल्ट बदलणारी चिप बसवून दिली आणि गच्चीवरून काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत तीन तारा सोडल्या. खिडकीशी मुलाने पाठवलेला लॅपटॉप. काकांचा जुना कॉम्प्युटर होता, त्याला सिरियल पोर्टही होतं, पण लाइट गेली की तो मेला. लॅपटॉप बॅटरीवर चालतो. म्हणून त्या आखूड केबलशिवाय आमचं काहीच हलणार नव्हतं.

आणि केबल हलेना. लॅपटॉपने तिला ओळखलंच नाही. केबलच्या डब्यात तिची ओळख करून देणाऱ्या प्रोग्रॅमची एक छोटीशी सीडी होती, ती काकांनी चहाच्या कपाखाली ठेवलेली. पुसून लावली, तेव्हा ओळख पटली. मग कळलं की लॅपटॉप केबलला एक नंबर देतो आणि तो नंबर प्रोग्रॅमला सांगावा लागतो. बाजूच्या भोकात लावली की चार नंबर, मागच्या भोकात लावली की सात. काका रोज वेगळ्या भोकात लावायचे आणि रोज म्हणायचे, काल तर चालत होतं. शेवटी मी एका भोकाशेजारी टिकलीच चिकटवली.

मग एकदाची अक्षरं आली, पण ती कसली? चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं असलेले परदेशी ए आणि ओ. काका चष्मा वर करून बघत राहिले. "हे काय, टाकीला वात झाला की काय?"

मला मात्र हायसं वाटलं. कचरा येतो म्हणजे तार जोडलेली आहे. फक्त बोलणारा एका वेगाने बोलतोय आणि ऐकणारा दुसऱ्याच वेगाने ऐकतोय. बोर्डाला काकांनी जो वेग शिकवला होता तोच मी लॅपटॉपवर निवडला. पडदा क्षणभर कोरा झाला. मग एक आकडा उमटला. त्याच्याखाली तोच आकडा. पुन्हा तोच.

"जा, जा वर!" काका म्हणाले. मी गच्चीवर धावले, टाकीचं झाकण सरकवून गोळा हाताने वर उचलला. खालच्या खिडकीतून काकांचा आवाज आला, "वाढला! संध्या, वाढला! सोड आता!" मी सोडला. "उतरला!" त्या वयाचा माणूस इतक्या मोठ्याने हसताना मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

सोसायटीने नवीन वॉचमन ठेवला, गच्चीला नवीन कुलूप लावलं. तरी सकाळी आकडा अर्ध्यावर. मामा घरी बसलेले असतानाही. मी हे सुर्वे साहेबांना सांगितलं.

"किल्लीची नक्कल करायला काय लागतं?" ते म्हणाले. "आणि ताई, तुमच्या वायरीतून आकडा येतो म्हणजे तो खराच कशावरून?"

मला राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न तोच असतो. मी म्हटलं, "मग रविवारी दिवसाढवळ्या बघू. तुम्ही स्वतः या गच्चीवर."

रविवारी सकाळी लाइट आल्यावर पंपाने टाकी भरली. गच्चीवरून खाली जाणाऱ्या पाइपांचे सगळे कॉक सुर्वे साहेबांनी आपल्या हाताने घट्ट बंद केले. जिन्यात पोरं पाठवून सगळ्या घरांत सांगितलं की आता कुणाच्या नळाला पाणी येणार नाही, ओरडू नका. काका लॅपटॉपच गच्चीवर घेऊन आले, केबल तिथेच जोडली आणि आम्ही तिघं टाकीच्या सावलीत बसलो. आता पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. आकडा जागचा हलायचं काही कारण नव्हतं.

थोडा वेळ तो हललाही नाही. सुर्वे साहेब घड्याळ बघायला लागले. मग शेवटचा अंक एकाने कमी झाला.

"हलला का?" काका पुटपुटले.

"वाऱ्याने असेल," सुर्वे म्हणाले. गोळा टाकीच्या आत, झाकण वर. वारा कुठून येणार? आकडा अजून एकाने उतरला. मग आणखी एकाने. घाई नाही, धांदल नाही, जिना उतरल्यासारखा.

"मशीन खराब आहे तुमचं," सुर्वे म्हणाले. "कॉक मी बंद केलेत."

मी एक खडू घेतला, झाकण काढून टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी खूण केली आणि सुर्वे साहेबांनाच तिच्याकडे बघत बसायला सांगितलं. ते टाकीत डोकं घालून बसले. चहा आला, तो संपला. ते डोकं बाहेर काढून म्हणाले, "अहो, खूण वर राहिली." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. माझाही तसाच झाला असणार.

दिवसाउजेडी, आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर, सगळ्या वाटा बंद असताना पाणी चाललं होतं आणि काथोडमामा भिंतीपलीकडे आपल्या अंगणात खाटेवर बसलेले गच्चीवरून दिसत होते.

मग मी पाइपांना कान लावत फिरले. ते मला अॅम्प्लिफायरच्या दिवसांपासून माहीत आहे, जे दिसत नाही ते ऐकावं. खाली उतरणारे पाइप मुके होते. शेवटी उरला तो पंपाचा, खालून वर पाणी चढवणारा. पंप तर केव्हाच बंद होता. त्या पाइपाला कान लावला आणि आत सुळसुळ ऐकू आली. बारीक, न थांबणारी.

"पाणी इथून उतरतंय," मी म्हटलं.

"तो चढायचा पाइप आहे," सुर्वे म्हणाले.

"चढायचाच. पण उतरतंय."

प्लंबरला बोलावलं. त्याने आधी खाली पंपरूम बघितली आणि डोकं हलवत वर आला. पंपाशेजारी एक व्हॉल्व असतो, तो पाण्याला वर जाऊ देतो, परत येऊ देत नाही. त्याच्या आतली पट्टी झिजली होती. "पण साहेब, नुसता हा व्हॉल्व गेला तर पाइपातलं तेवढं पाणी खाली येईल," तो म्हणाला. "टाकीतलं कसं येईल? पाइपाचं तोंड तर पाण्याच्या वर असतं." असं म्हणत त्याने टाकीत वाकून बघितलं आणि तो थांबला. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर नव्हतं. काठावरून आत वळून तो पाइप थेट टाकीच्या तळापर्यंत गेलेला होता.

डब्यातून नळीने रॉकेल काढताना बघितलंय ना? नळीचं एक टोक रॉकेलात बुडालेलं, दुसरं खाली. एकदा ओढ लागली की थेंब न थेंब खाली येतो. तेच इथे चाललं होतं. वरची टाकी आमची आम्हीच रोज रात्री पंपाखालच्या, जमिनीतल्या टाकीत ओतत होतो. नगरपालिकेचं पाणी रात्री यायचं, खालची टाकी आधीच भरलेली असायची, मग जास्तीचं पाणी मागच्या झुडपांतल्या पाइपातून गटारात. सकाळपर्यंत ते वाळूनही जात असेल.

"हा पाइप एवढा खाली कुणी नेला?" सुर्वे साहेबांनी विचारलं.

"मीच," प्लंबर म्हणाला. "काकांनी सांगितलं होतं ना. वरून पाणी धबाधबा पडतं, त्याचा आवाज खाली त्यांच्या बेडरूममध्ये येतो, झोप लागत नाही म्हणून. मी तुकडा जोडून तोंड पाण्यात बुडवून दिलं. आवाज बंद."

आम्ही काकांकडे बघितलं. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं, केबल काढली आणि ती बोटांभोवती गुंडाळत राहिले.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"संध्या, पाइप माझ्यामुळे खाली गेला. हे मी सुर्व्यांना लिहून देऊ की काथोडला जाऊन सांगू?"

"सुर्वे साहेबांना कळलंय, काका. मामांना कळायचंय."

"तू येशील?"

आम्ही भिंतीला वळसा घालून गेलो. मामा अंगणातच होते. त्यांच्या बायकोने खाटेवर चादर टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झिजलेला व्हॉल्व, बुडवलेला पाइप, स्वतःची झोप. मामांनी मधेमधे प्रश्न विचारले. पाणी आपोआप वर चढून काठावरून कसं काय उतरतं, हे त्यांना पटत नव्हतं, म्हणून काकांनी मातीत काडीने चित्र काढलं. ते त्यांनी वाकून नीट बघितलं.

"म्हंजे चोर कोनी नवताच," मामा म्हणाले.

"नव्हता. तुम्ही उद्यापासून कामावर या. सुर्व्यांशी मी बोलतो."

मामांनी मान हलवली. "कामाचा नंतर बगू. मना मिटिंगमधी सगल्यांसमोर चोर बोलले. तुमी हितं अंगनात येऊन सांगताव, ते बरा झाला. पन ते सगल्यांसमोर सांगा."

प्लंबरने बुडालेला पाइप कापला आणि व्हॉल्वही बदलला. पुढच्या मिटिंगला मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पार्किंगमध्ये खांबाशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सुर्वे साहेब म्हणाले की तांत्रिक बिघाडामुळे काही गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे, आणि यंत्र बनवल्याबद्दल आपटे काका आणि संध्याताई यांचे आभार. टाळ्या वाजल्या. मामा तसेच उभे.

काका उठले. "टाळ्या थांबवा," ते म्हणाले. "पाणी काथोडने नेलं नव्हतं. पाणी माझ्यामुळे जात होतं. मला आवाज सहन होत नव्हता म्हणून मी पाइप बुडवून घेतला, आणि नंतर याला पकडायला मशीन करत बसलो. याला इथे चोर म्हटलं गेलं तेव्हा मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. मी गप्प बसलो. काथोड, मी तुझी माफी मागतो."

मग सुर्वे साहेबही उठले आणि या वेळी नाव घेऊन म्हणाले, "काथोडमामा, आमचं चुकलं." मागे ज्याने तो शब्द उच्चारला होता तो मात्र उठला नाही. मामांनी त्या बाजूला बघितलंही नाही.

"बास," ते म्हणाले. "येवढाच पायजे होता."

कामावर ते परत आले नाहीत. बदलापूरला एका शाळेच्या गेटवर त्यांना काम मिळालं होतं. तिथे पोरं असतात, दिवस बरा जातो, म्हणाले. मिटिंग पांगली, खुर्च्या उचलल्या गेल्या. मामा निघाले, पण दोन पावलं जाऊन काकांकडे वळले.

"काका, आता पाइप कापला म्हंजे तुमाला परत पान्याचा आवाज येत असंल."

"येतो," काका म्हणाले.

"मंग कानात कापूस घालून झोपा. आमची म्हातारी आय तशीच झोपते. तुमच्या पंपाचा आवाज थेट आमच्या वटीवर येतो ना. बिल्डिंग झाली तवापासून ती तशीच झोपते."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. एक उपाय माहीत होता, तो सांगितला. ते गेटातून बाहेर पडले आणि काका पंपरूमच्या बंद दाराकडे बघत राहिले. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला कुणाचीच बेडरूम नव्हती. म्हणूनच पंप तिथे बसवला होता.

पुढच्या रविवारी काकांनी मला आणि प्लंबरला खाली बोलावलं. पंपाच्या पायाखाली जाड रबराचे तुकडे घातले आणि पंपरूमची पालेगावकडची जाळी आतून फळीने झाकली. मग काका स्वतः भिंतीला वळसा घालून मामांच्या ओटीवर जाऊन उभे राहिले. मी इकडून पंप चालू करायचा, त्यांनी तिकडून सांगायचं. मी बटण दाबलं. त्यांनी भिंतीवरून हात हलवला, येतोय. आम्ही बोल्ट सैल करून आणखी रबर घातलं. पुन्हा बटण, पुन्हा हात, अजून येतोय. पाइप भिंतीला जिथे टेकत होता तिथेही रबर घालून पुन्हा पंप लावला. या वेळी काकांचा हात वर आला नाही. ते बाजूला बघत होते. मामांची म्हातारी ओटीवर येऊन बसली होती. तिने कानातला कापूस काढला, थोडा वेळ ऐकलं आणि मग आमच्याकडे बघून तिनेच हात हलवला, असू द्या, चालू राहू द्या.